सोने सरल्यावर : क्वीन्सटाउनच्या साहसी दिवसाची पूर्वपीठिका

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, वाकाटिपू सरोवराच्या काठी वसलेल्या क्वीन्सटाउन या गावी एक संपूर्ण दिवस विकत मिळतो. सकाळची न्याहारी आटोपली की हेलिकॉप्टर प्रवाशाला उचलून स्किपर्स नावाच्या निर्जन दरीत नेऊन सोडते. तेथून रबरी तराफ्यात बसून शॉटोव्हर नदीच्या खळाळातून खाली यायचे. नदी जेथे दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटीत शिरते तेथे दुसऱ्या एका वेगवान नौकेत बसायचे. ती नौका कड्याला आता घासली, मग घासली असे वाटेपर्यंत जवळून जाते आणि ऐन वेळी गर्रकन फिरते. शेवटी कावाराउ नदीवरील एका जुन्या झुलत्या पुलावर उभे राहून, घोट्यांना रबरी दोर बांधून, ४३ मीटर खाली उडी घ्यायची. सायंकाळी प्रवासी आपल्या मुक्कामी परत. अंग ओले, घसा बसलेला आणि हाती छायाचित्रांचा संच.

माळव्यातील आमच्या मराठी घरांतूनही आता मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी त्या देशात जातात आणि अशी छायाचित्रे घरी येऊन पोहोचतात. आजी ते चित्र पाहून डोळे मिटून घेते, आजोबा ‘यासाठी पैसे मोजले?’ असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र तो अर्धाच आहे. या दिवसाचे मोल किती ते पावतीवर छापलेले असते. त्यातील धोक्याचे मोल कोण देतो, हे मात्र पावतीवर नसते. ते दीडशे वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते. राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य गेल्यामुळे परवाना, जबाबदारी आणि भरपाई या तीन शब्दांकडे आमचे लक्ष आधी जाते. प्रस्तुत लेख त्याच दृष्टीने लिहिला आहे.

क्वीन्सटाउनचे साहस हे मुळात हौसेचे नव्हतेच. १८६१ साली ओटॅगो प्रांतात गॅब्रिएल रीड याला सोने सापडले आणि जगभरातून माणसे त्या प्रांताकडे धावली. येथे एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. रीडच्या आधी काही वर्षे त्याच भागात एडवर्ड पीटर्स नावाच्या एका माणसाने सोने काढले होते. हा मूळचा मुंबईकडचा, मिश्र वंशाचा. गोरे लोक त्याला ‘ब्लॅक पीटर’ म्हणत. त्याच्या शोधाची वार्ता ऐकूनच रीड तिकडे वळला. रीडला एक हजार पौंडांचे इनाम मिळाले. पीटर्सच्या पदरी उतारवयात तुटपुंजी सरकारी मदत पडली, तीही पुष्कळ खटपटीनंतर. २००९ साली न्यूझीलंडचे तत्कालीन गव्हर्नर-जनरल आनंद सत्यानंद यांच्या हस्ते त्याच्या स्मारकाचे अनावरण झाले. सत्यानंद यांचे घराणे फिजीमार्गे गेलेले, भारतीय वंशाचे. सव्वाशेहून अधिक वर्षांनी का होईना, हिशेबाच्या वहीत नोंद झाली.

१८६२ साली ही सोन्याची लाट वाकाटिपू सरोवरापर्यंत पोहोचली. तेथे विल्यम रीस नावाच्या वसाहतकाराने दोनच वर्षांपूर्वी मेंढ्यांचे रान वसवले होते. आपल्या भागीदाराच्या ऑक्सफर्डजवळील निवासस्थानावरून त्याने तेथल्या एका नदीला शॉटोव्हर हे नाव दिले होते. त्याच्या मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या दोघांना या नदीच्या वाळूत सोने गवसले. पाठोपाठ हजारो माणसे आली. दोन माओरी तरुणांची हकिकत तर तेथे अजून सांगतात : प्रवाहात वाहून चाललेल्या आपल्या कुत्र्याला वाचवायला ते पलीकडच्या काठावर गेले, कुत्र्याच्या केसांत त्यांना सोन्याचे कण दिसले, आणि सूर्यास्ताच्या आत त्यांनी जवळजवळ तीनशे औंस सोने गोळा केले. त्या जागेला आजही माओरी पॉइंट म्हणतात.

कुत्र्याची गोष्ट गोड असल्यामुळे टिकली. १८६३ च्या हिवाळ्यातील पुराची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. डोंगरावर पाऊस आणि बर्फ एकत्र कोसळले, नद्या रात्रीत चढल्या आणि काठावरच्या तंबूंत निजलेली माणसे वाहून गेली. त्यांपैकी कित्येकांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती. त्यांच्या बायकामुलांना कोणी काही दिले असेल, ही शंकाच नको. ज्याचा जीव त्याची जोखीम, असा त्या काळचा सर्वमान्य व्यवहार होता. इंग्रज राजवटीतही आणि आपल्याकडच्या संस्थानांतही.

आज तराफे जेथून सोडतात त्या स्किपर्स दरीचा रस्ता १८८३ ते १८९० या काळात झाला. त्यापूर्वी खेचरांच्या पाठीवरून माल जात असे. साधारण २२ किलोमीटरचा हा रस्ता हातोडा, पहार आणि सुरुंगाच्या दारूने कड्यात कोरला आहे. एका ठिकाणी कडा इतका उभा की कामगार वरून दोरीला लोंबकळत भोके पाडीत, असे सांगितले जाते. कावाराउ पुलावरून दोरीला लोंबकळण्यासाठी आज माणसे पैसे देतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याच मुलखात लोंबकळण्याबद्दल रोजंदारी मिळत असे, एवढाच फरक. हा रस्ता अजूनही इतका अरुंद आणि अवघड आहे की भाड्याने घेतलेल्या मोटारीचा विमा त्यावर लागू होत नाही. विमा कंपनीला जे कळते ते पुष्कळदा प्रवाशाला कळत नाही.

या खाणींत चिनी कामगारही होते. गोरे खाणकरी नव्या क्षेत्रांकडे निघून गेल्यावर ओटॅगोच्या व्यापाऱ्यांनीच त्यांना १८६० च्या दशकात मुद्दाम बोलावून घेतले. गोऱ्यांनी टाकून दिलेली वाळू त्यांनी पुन्हा धुतली आणि त्यातून पोट भरले. पुढे १८८१ साली प्रत्येक चिनी आगंतुकावर दहा पौंडांचा डोईपट्टी कर बसला, १८९६ मध्ये तो शंभर पौंड झाला. २००२ साली पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. बोलावणे धाडणारे आणि कर बसवणारे बहुधा एकाच समाजातले असतात, हे स्थलांतरित घराण्यांना सांगायला नको.

सोन्याच्या हव्यासातून झालेल्या कामांत आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते ऑक्सनब्रिज बंधूंचे भुयार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या बंधूंनी शॉटोव्हर नदी वळवून तिचे पात्र कोरडे करावे आणि तळाचे सोने उचलावे, असा बेत केला. त्यासाठी खडकातून सुमारे १७० मीटर लांबीचे भुयार पाडले. कामाला वर्षे लागली, पैसा गेला आणि हाती आलेले सोने खर्चाच्या मानाने नगण्य ठरले. आज रबरी तराफे याच भुयारातून जातात. अंधारातून बाहेर पडताच समोर शेवटचा मोठा धबधबता खळाळ येतो आणि प्रवासी किंचाळतात. ज्या भुयाराने मालकांना बुडवले ते परक्यांच्या दोन मिनिटांच्या भीतीवर आता कमाई करून देते. ऑक्सनब्रिज बंधूंना हे समजले असते तर ते हसले असते की रडले असते, याचा निर्णय वाचकांनी करावा.

कावाराउचा झुलता पूलही त्याच युगातला. हॅरी हिगिन्सन या अभियंत्याने तो रेखाटला आणि १८८० साली तो वाहतुकीस खुला झाला. त्याच सुमारास, म्हणजे १८७० च्या दशकात, आपल्या इंदूरकडे होळकर स्टेट रेल्वेचा खंडवा-इंदूर मार्ग विंध्याच्या घाटातून चढत होता. पातालपाणी ते कालाकुंड या टप्प्यातील बोगदे आणि पूल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या काळातील दगडी कामाची जात वेगळी सांगावी लागणार नाही. आणि या दोन्ही ठिकाणी पुढे घडलेला प्रकारही सारखाच. मुख्य वाहतूक दुसरीकडे वळली आणि जुने बांधकाम सहलीसाठी उरले. कावाराउवर १९६३ साली नवा पूल झाला आणि जुना ओस पडला. पातालपाणीवरून डिसेंबर २०१८ पासून ‘वारसा गाडी’ धावू लागली.

सोने विसाव्या शतकाच्या आरंभीच ओसरले होते. माणसे ज्या कारणासाठी एखाद्या गावी आली ते कारण संपल्यावर गावाने काय करावे? हा प्रश्न आपल्या घराण्यांना परका नाही. आमचे पूर्वज शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर माळव्यात आले. फौजा मोडल्या, तेव्हा कोणी दफ्तरात शिरले, कोणी शाळेत, कोणी वकिलीत. घोड्याचे खोगीर माळ्यावर गेले. क्वीन्सटाउनने आपले खोगीर माळ्यावर टाकले नाही, ते भाड्याने देऊ लागले. १९०१ साली न्यूझीलंडच्या सरकारने पर्यटनासाठी स्वतंत्र खाते काढले. जगात असे खाते काढणारे ते पहिले सरकार मानले जाते. १९१२ साली सरोवरात अर्नस्लॉ ही आगबोट उतरली, १९४७ मध्ये जवळच्या कॉरोनेट शिखरावर बर्फावरून घसरण्याची सोय झाली. हे सारे सभ्य पर्यटन होते. साहसाचा बाजार अजून मांडला जायचा होता.

त्याची पहिली वस्तू एका मेंढपाळ शेतकऱ्याने घडवली. बिल हॅमिल्टन हा कँटरबरीच्या पठारावर शेती करणारा, यंत्रांचा नादी माणूस. तेथल्या नद्या रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. पंखा लावलेली मोटारबोट त्यांत चालायची नाही, कारण पंखा दगडावर आपटून मोडायचा. १९५४ मध्ये हॅमिल्टनने नौकेच्या तळातून पाणी ओढून घेऊन ते मागच्या बाजूने जोराने बाहेर फेकणारे यंत्र बसवले. फवारा पाण्याखाली न सोडता पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला तर वेग वाढतो, ही त्याची खरी युक्ती. पंखाच बाहेर नसल्यामुळे नौका वीतभर पाण्यातूनही धावते आणि फवाऱ्याची दिशा बदलली की जागच्या जागी वळते. गरज शेतकऱ्याची होती. परंतु दहाएक वर्षांतच क्वीन्सटाउनजवळच्या नद्यांत या नौकांतून पैसे घेऊन प्रवासी फिरवणे सुरू झाले.

या नौकेचे भारताशी एक नाते आहे आणि आमच्या पिढीतील पुष्कळांना ते आठवत असेल. १९७७ साली सर एडमंड हिलरी यांनी ‘सागरापासून आकाशापर्यंत’ अशी मोहीम काढली. गंगासागरापासून अशा तीन नौका गंगेच्या प्रवाहाविरुद्ध निघाल्या. हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन हे त्यांच्या चालकांपैकी एक होते आणि भारतीय सदस्यांत कॅप्टन मोहन कोहली होते. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश ओलांडून, ठिकठिकाणी काठावर जमलेल्या अफाट लोकांच्या साक्षीने त्या हिमालयात शिरल्या आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवले. पुढचा मार्ग पायी. वर चढताना हिलरी विरळ हवेने गंभीर आजारी पडले आणि त्यांना खाली आणावे लागले. एव्हरेस्ट सर करणाऱ्यालाही पर्वताने सवलत दिली नाही. पुढे १९८५ पासून ते न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून काही वर्षे दिल्लीत राहिले.

आता उडीकडे वळू. दोर बांधून उंचावरून उडी घेण्याची मूळ रीत वानुआतू देशातील पेंटेकोस्ट बेटावरची. सुरणासारख्या कंदाच्या पिकाच्या हंगामात तेथील पुरुष लाकडी मनोऱ्यावरून, घोट्याला वेली बांधून उडी घेतात. वेली निवडणे हे जाणत्यांचे काम असते. उडी घेणाऱ्याच्या वजनाप्रमाणे वेल हवी आणि ती ओलसर, लवचीक असावी म्हणून हंगामही नेमका हवा. १९७४ च्या फेब्रुवारीत राणी एलिझाबेथ यांच्या भेटीनिमित्त हंगामाबाहेर हा खेळ करून दाखवण्यात आला. वेली पुरेशा लवचीक नव्हत्या, त्या तुटल्या आणि एका पुरुषाचा जीव गेला. पाहुण्यांच्या सोयीने हंगाम बदलला की काय होते याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

१ एप्रिल १९७९ रोजी ऑक्सफर्डच्या काही हौशी तरुणांनी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोर बांधून उड्या घेतल्या. त्यांतला म्होरक्या डेव्हिड कर्क समारंभाचा पोशाख आणि उंच टोपी घालून आला होता. पोलिसांनी त्यांना पकडले. न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेट याने हा प्रकार ऐकला आणि त्यातली थट्टा बाजूला काढून त्याने रबराकडे लक्ष दिले. कोणत्या वजनाला किती ताण लागतो, रबर किती उड्यांनंतर थकते, याची मोजमापे त्याने शास्त्रज्ञांच्या मदतीने करून घेतली. पेंटेकोस्टचे जाणते जे वेलींविषयी जाणत होते तेच हे, फक्त आकड्यांत. १९८७ च्या जूनमध्ये त्याने पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून उडी घेतली, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि लगेच सोडून दिले. जगभर नाव झाले. नव्वदीच्या दशकात पेंटेकोस्टच्या लोकांनी, आमची रीत विकून तुम्ही कमावता, तर आमचा वाटा कोठे, असे विचारले. आम्हांला तो प्रश्न चुकीचा वाटत नाही.

नाव झाल्यावर धंदा काढायचा, तर पूल हवा. हॅकेट आणि त्याचा भागीदार हेन्री व्हॅन ॲश यांनी कावाराउच्या ओस पडलेल्या पुलासाठी अर्ज केला. पूल होता निसर्ग व वारसा संवर्धन खात्याच्या ताब्यात आणि हे खातेच १९८७ च्या एप्रिलमध्ये जन्मलेले. आता त्या खात्यातील अधिकाऱ्याच्या टेबलावरची नस्ती वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. अर्जदाराचा व्यवसाय : माणसांना ऐतिहासिक पुलावरून खाली सोडणे. पूर्वोदाहरण : नाही. तांत्रिक मान्यता देणारा सक्षम प्राधिकारी : आढळून येत नाही. आमच्या सेवाकाळात अशी नस्ती आली असती तर ‘अभिप्रायार्थ सादर’ असे लिहून ती वर, आणि ‘वस्तुस्थिती स्पष्ट करावी’ असे लिहून ती खाली, अशी ती अर्जदाराच्या निवृत्तीपर्यंत फिरली असती. त्या अधिकाऱ्यांनी मात्र अल्प मुदतीचा परवाना दिला, चालवून पाहा म्हणाले. १२ नोव्हेंबर १९८८ रोजी कावाराउ पुलावर नियमित शुल्क आकारून उड्या सुरू झाल्या. प्रवाशाचे वजन करायचे, ते त्याच्या हातावर लिहायचे, त्यानुसार जाड वा बारीक दोर निवडायचा, ही पद्धत तेथे बसली. मोडकळीला आलेल्या पुलाच्या दुरुस्तीलाही या धंद्याचा हातभार लागला. परवाना देणाऱ्याच्या धैर्याबद्दल आम्हांला उडी घेणाऱ्यापेक्षा अधिक आदर वाटतो.

मात्र हे धैर्य नुसत्या स्वभावातून आलेले नव्हते. त्यामागे एक कायदा होता, आणि आमच्या मते क्वीन्सटाउनच्या साहसी दिवसाचा खरा पाया पूल नव्हे, नदीही नव्हे, हा कायदा आहे. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६७ साली सरकारला सुचवले की अपघातात जखमी झालेल्या माणसाने ‘चूक कोणाची’ हे न्यायालयात सिद्ध करीत वर्षे घालवू नयेत. समाजानेच त्याचा भार उचलावा. त्यावरून १९७२ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७४ पासून अपघात भरपाईची सरकारी व्यवस्था सुरू झाली. मालक, कामगार आणि वाहनधारक यांच्याकडून पट्टी घ्यायची. अपघात झाला की चूक कोणाचीही असो, उपचाराचा खर्च, बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग, मृत्यू झाल्यास वारसांना मदत या निधीतून द्यायची. उपचाराच्या खर्चाचा लाभ परदेशी पाहुण्यालाही मिळतो. याच्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा नागरिकांचा हक्क कायद्याने काढून घेतला.

याचा अर्थ असा की अमेरिकेत एखादा दोर तुटला तर वकील ज्या कंपनीला धुळीस मिळवील, तिला न्यूझीलंडमध्ये तसल्या दाव्याची भीती नाही. नवे, विचित्र, पूर्वोदाहरण नसलेले साहस तेथेच जन्माला यावे हा योगायोग नव्हे. खाणकऱ्यांच्या काळी जोखीम एकट्या माणसाच्या खात्यावर होती. आता ती सगळ्या देशाच्या खात्यावर मांडली गेली. आमचे मत असे की हा मनुष्यजातीच्या प्रगतीचाच एक टप्पा आहे. परंतु भरपाईची सोय झाली म्हणजे खबरदारीची सोय आपोआप होत नाही, हेही त्याच नदीने दाखवून दिले.

२००८ साली कावाराउ नदीत एक ब्रिटिश तरुणी बुडून मरण पावली. फळीला धरून खळाळातून वाहत जाण्याचा तो खेळ होता. ती खडकाखाली अडकली आणि तिला वेळेत सोडवता आले नाही. संबंधित कंपनीवर फौजदारी खटला होऊन दंड झाला. तिच्या वडिलांनी न्यूझीलंडचे तेव्हाचे पंतप्रधान जॉन की यांना पत्र लिहिले. की यांच्याकडेच पर्यटन खाते होते. त्यांनी साऱ्या साहसी व्यवसायांची तपासणी करण्याचे आदेश दिले. तेव्हा ध्यानात आले की विमानाला नियम आहेत, नौकेला नियम आहेत, मात्र कित्येक खेळ असे आहेत की ते कोण चालवतो आणि कसे, हे सरकारला ठाऊकच नाही. हा पेच मुळातच होता. कावाराउचा पहिला परवाना दिला गेला तेव्हा दोराचे नियम परवान्याच्या अटींत होते, देशाच्या कायद्यात नव्हते. २०११ साली नियम झाले : प्रत्येक साहसी व्यवसायाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यावी आणि नोंदणी करावी, त्याविना धंदा करू नये. काही व्यवसाय या चाळणीत गळाले. तरीही ९ डिसेंबर २०१९ रोजी व्हाकारी या ज्वालामुखी बेटाचा स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती, त्यांपैकी २२ दगावली. नोंदणी होती, तपासणी होती. ज्वालामुखीच्या मनात काय आहे हे प्रवाशांना पुरेसे सांगितले गेले नव्हते. २०२४ पासून निसर्गनिर्मित धोक्यांविषयीचे नियम अधिक कडक करण्यात आले.

दरम्यान हिशेबाचे दुसरे एक पान उलटले गेले. ज्यांच्या पूर्वजांची जमीन इंग्रजांनी कवडीमोलाने घेतली त्या न्गाई ताहू या माओरी जमातीशी न्यूझीलंड सरकारने १९९८ मध्ये समझोता केला, सतरा कोटी डॉलर दिले आणि जाहीर क्षमा मागितली. त्यानंतरच्या वर्षांत या जमातीच्या संस्थेने शॉटोव्हर नदीतील वेगवान नौकांचा व्यवसायच विकत घेतला. एकेकाळी याच सरोवराकाठून हिरव्या पाउनामू दगडाच्या शोधात त्यांचे वाडवडील पायी जात असत. आता कड्यांमधून नौका पळवण्याचे भाडे त्यांच्या खजिन्यात पडते.

आता आपल्याकडे पाहू. तराफे, उड्या, हवाई छत्र्या येथेही आल्या. सोन्याच्या नव्हे तर छायाचित्रांच्या शोधात. जुलै २०११ मध्ये पातालपाणीच्या धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला गेलेली माणसे काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली; इंदूर-महूच्या घराघरांत तो प्रसंग अजून निघतो. २०१८ च्या जूनमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने, नियम होईपर्यंत तराफे आणि हवाई छत्र्या बंद ठेवा, असे शासनाला बजावले. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली साहसी उपक्रमांच्या सुरक्षेविषयी निर्णय काढला आणि २०२१ मध्ये धोरण जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात, पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून हवाई छत्रीने झेप घेतलेली पुण्याची एक तरुणी आणि तिचा तरुण चालक दोघेही दरीत कोसळून मरण पावले. व्यवसाय विनापरवाना चालला होता, असे नंतर उघड झाले.

आपल्याकडे परवाना असो वा नसो, उडीपूर्वी एक कागद मात्र न चुकता पुढे येतो : ‘मी हे स्वतःच्या जबाबदारीवर करीत आहे.’ १८६३ च्या पुरातल्या खाणकऱ्यानेही नेमकी हीच अट मान्य केली होती, कागदाविना. वास्तविक चूक सिद्ध न करता भरपाई देण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. मोटार अपघातांसाठी ते १९८२ सालीच स्वीकारले गेले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये अशी रक्कम ठरली. म्हणजे येथील दहा मुलांना ऋषीकेशच्या तराफ्यांकडे नेणारी बस वाटेत उलटली, तर त्यांच्या घरच्यांना चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. तीच मुले सुखरूप पोहोचली, आणि तासाभराने नदीत तराफा उलटला, तर त्यांच्या घरच्यांना तराफावाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी ग्राहक आयोगाची वा दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तेथे प्रतिपक्षाचा वकील पहिल्या तारखेलाच त्या मुलांच्या सहीचा कागद दाखल करतो.